गाड्या रंगवायला मार्कर की टॅबलेट?

आधीच सांगतो, मी दोन्ही घेतलंय, दोन्हीवर पैसे घालवलेत आणि दोन्हीपायी घरी बोलणी खाल्लीत. दिवसा बँकेत नोकरी, रात्री जेवणं उरकली की डायनिंग टेबलावर गाड्यांची चित्रं. पर्स्पेक्टिव्ह, हॉरिझन लाइन, दोन चाकांमध्ये साधारण तीन चाकं मावतात हा हिशेब, हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. एनआयडी किंवा आयडीसीसारख्या डिझाइनच्या संस्थांच्या वाटेवर असाल तर मात्र इथेच थांबा आणि टॅबलेट घ्या. स्टुडिओतलं बहुतेक काम आता स्क्रीनवरच चालतं. हे लिहितोय ते माझ्यासारख्या हौशी माणसासाठी.

टॅबलेटची सोय खरंच मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मुलगी झोपल्यावर दिवा न लावता काम होतं. वास नाही, डाग नाहीत. बॉडीचा रंग वेगळ्या लेयरवर ठेवला की लाल सिएरा क्षणात निळी होते, मार्करची लाल ती जन्मभर लाल. एकदा डेक्कन क्वीनने पुण्याला येताना बसल्या जागी ॲम्बेसेडर काढायला घेतली होती, कर्जतला मागून इंजिनं लागेपर्यंत ग्रिल पूर्ण झालं होतं. मार्करचा डबा उघडून हे जमलं असतं का? शेजारच्या काकांनी पहिल्यांदा वासाचीच तक्रार केली असती. ॲपचंही फार मनावर घेऊ नका. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट, पैसे एकदाच द्यायचे. अँड्रॉइडवर स्केचबुक. लॅपटॉपला पेन-टॅबलेट जोडणार असाल तर क्रिटा, ते फुकट. तिन्हींत गाडी निघते. काचेवर पेन घसरतं, त्यावर मॅट फिल्म लावली की बरं वाटतं, पण पेनाचं टोक भराभर झिजतं. एवढं चालायचंच.

आता मार्कर. अल्कोहोल मार्करची सगळी जादू ओल्या कडेत आहे. बॉनेटवर पहिला पट्टा ओढला की तो ओला असतानाच दुसरा त्याला भिडवायचा, मग दोन्ही एकजीव होतात आणि पत्रा गुळगुळीत दिसतो. पुण्यात मे महिन्यात डोक्यावर पंखा पाच नंबरवर फिरत असताना ही कड तीन-चार सेकंदांत सुकते. मग बॉनेटभर पट्टे. पंखा बंद करावा तर कपाळावरचा घाम नेमका विंडशील्डवर पडतो आणि कागदाला तिथे फोड येतो. मी आता बॉनेटपुरता पंखा बंद करतो, श्वास रोखून रंगवतो आणि लगेच चालू करतो. बायको म्हणते, तू गाडी रंगवतोस की गाडी ढकलतोस?

कागदावर कंजुषी करू नका. साध्या झेरॉक्सच्या कागदावर शाई फुटते आणि पलीकडे उतरते. आमच्या टेबलाच्या सनमायकावर एक करडी टाटा सुमो कायमची उभी आहे. मार्कर पॅडचा कागद पातळ असतो, पण मागून लेप असल्यामुळे शाई बरीचशी धरून ठेवतो. अप्पा बळवंत चौकात दोन-तीन दुकानांत तरी विचारा, कुठेतरी मिळतो.

आणि ऐंशी रंगांचा तो मोठा डबा कृपा करून घेऊ नका. गाडी म्हणजे निम्मे करडे रंग. कॉपिक कंपनीच्या थंड (निळसर) करड्या छटांतले सी-१, सी-३, सी-५, सी-७, सी-९ आणि एक काळा, एवढ्यावर मी वर्षभर काढलं. एकेका मार्करची किंमत बघून पोटात गोळा येतो हे खरं, पण शाई पुन्हा भरता येते आणि टोकही बदलता येतं. काळीपिवळी टॅक्सी काढून बघा, करड्याचं महत्त्व तिथेच कळतं. काळी बॉडी काळ्याने भरली की कोळशाची वखार होते. सी-५ पासून गडदाकडे चढत जायचं, काळा फक्त दाराच्या खालच्या भागात आणि चाकांच्या कमानीत, आणि गाडीच्या खांद्यावरून, म्हणजे खिडक्यांखालच्या कडेवरून, जाणारी आकाशाच्या प्रतिबिंबाची पट्टी कोरी सोडायची. पिवळ्या टपावर सावलीसाठी करडा लावलात तर टप शेवाळल्यासारखा हिरवट दिसतो, तिथे गेरूकडे झुकणारा पिवळा हवा. ही चूक टॅबलेटवरही अगदी अशीच होते. शेवटी हबकॅपवरचा चमकारा कॅमलच्या पांढऱ्या पोस्टर कलरचा. शाळेत उरलेली बाटली असेल तरी चालेल, वाळली नसली म्हणजे झालं.

एवढ्यावर हिशेब मांडला तर टॅबलेटचं पारडं जड आहे, मान्य. माझं मत फिरलं ते एका चाकामुळे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा ठरवलं की एक मोठी काळीपिवळी काढायची, ए-थ्री, समोरून तीन-चतुर्थांश कोनातून. अर्थात टॅबलेटवर. तीन आठवडे रोज रात्री बसलो. दोन बोटांनी झूम करायचं आणि काम करायचं. हबकॅपमध्ये फुटपाथ दिसतोय, बंपरच्या क्रोममध्ये वर आकाश, खाली डांबर, मधे काळी रेघ. पुढचं चाक इतकं सुरेख जमलं की तेच कॉपी करून, थोडं लहान करून मागे बसवलं. झूममध्ये तेही सुरेख. प्रिंट काढली, फ्रेम केली आणि सासऱ्यांना नेऊन दिली. त्यांनी स्वतः बावीस वर्षं पद्मिनी चालवली आहे. त्यांनी चष्मा लावला, फ्रेम हातभर लांब धरली आणि म्हणाले, “छान आहे हो जावईबापू. पण मागचं चाक निखळतंय का?”

निखळतच होतं. पुढून बघताना गाडीची बाजू लांब पळते, तिकडचं चाक नुसतं लहान होत नाही, अरुंदही होतं. पुढच्याचा एलिप्स, म्हणजे तिरक्या चाकाचा लंबगोल, पस्तीस अंशांचा असेल (अंश कमी तितका तो चपटा) तर मागचा तीसच्या आसपास उतरतो. मी पुढचाच उघडा एलिप्स मागे चिकटवला होता, म्हणून चाक बाहेर वळल्यासारखं दिसत होतं. हे नियम मला येत नव्हते असं नाही. तीन आठवड्यांत मी अख्खी गाडी क्वचितच एका नजरेत पाहिली होती, एवढंच. स्क्रीनवर गाडी लहान दिसते, म्हणून हात आपोआप झूमकडे जातो, आणि झूममध्ये गाडी नसते, भाग असतात. दोष ॲपचा म्हणणार नाही, माझ्या दोन बोटांचा आहे. त्यानंतर कितीदा ठरवलं की झूम करायचं नाही. दहा मिनिटं टिकतं.

कागदाला झूम नाही. ए-थ्रीचा कागद समोर असला की हबकॅप रंगवतानाही मागचं चाक डोळ्याच्या कोपऱ्यात असतं, बिघडलं तर टोचतं. रेघही खांद्यातून येते, मनगटातून नाही. अनडू नसल्यामुळे टपाची रेघ ओढण्याआधी हवेतच चार वेळा हात फिरवावा लागतो, आणि माझ्या बाबतीत तरी तो सराव टॅबलेटवर कधी झाला नाही. तुमची शिस्त माझ्यापेक्षा चांगली असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. शिवाय मार्करची शाई उन्हात उडते, खिडकीसमोर चित्र लावणार असाल तर तेही धरा. कागदावर रेघा काढून, फोटो घेऊन टॅबलेटवर रंगवणारेही पुष्कळ आहेत. मी केलंय, पण रंगवायला बसलो की पुन्हा दोन बोटं.

गेल्या उन्हाळ्यात तीच पद्मिनी मार्करने काढली, चार संध्याकाळींत. चाकांसाठी एलिप्सचं प्लॅस्टिकचं टेम्प्लेट वापरलं, पुढे आणि मागे वेगळ्या अंशांचं. क्रोम पहिल्या चित्राइतकं लखलखीत नाही. सासऱ्यांनी पुन्हा चष्मा लावला, फ्रेम लांब धरली. चाकांबद्दल काही बोलले नाहीत. मग बॉनेटवर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा पट्टा कसला?”

म्हटलं, “पंख्याचा.”