कापसाचा हिशेब शीटमध्ये की डेटाबेसमध्ये? एका हंगामानंतरचा अनुभव

सातबाऱ्यावरचा गट नंबर 12/2. शीटमध्ये टाइप करून एंटर मारला की तो ‘12-फेब’ होतो. दिवाळीपासून मार्चपर्यंत यवतमाळ पट्ट्यातल्या एका संकलन केंद्राच्या काटापावत्या आधी एक्सेलमध्ये, मग एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवून पाहिल्या. बाकी सगळं चालवून घेता येतं, हे नाही.

नंतर सेलचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तरी 12/2 परत येत नाही. नोंद 2025 मध्ये केली असेल तर तिथे 45700 दिसतं, कारण आत 12 फेब्रुवारी 2025 चा दिवस-क्रमांक बसलेला असतो. मूळ अक्षरं पुसली गेलेली असतात. तारीख अमेरिकन पद्धतीची असलेल्या कॉम्प्युटरवर तोच गट 2 डिसेंबर होतो. 48/35 सारखा नंबर मात्र शाबूत राहतो, कारण त्यातला एकही आकडा महिना होऊ शकत नाही. त्यामुळे रकान्यावर नुसती नजर फिरवून घोळ सापडत नाही. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, अडकतो तेव्हा सापडतो. इलाज टाइप करण्याआधीच करावा लागतो: पूर्ण रकाना निवडा, कंट्रोल-1, ‘टेक्स्ट’, ओके. बँक खात्याच्या रकान्यालाही हेच करा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात आणि पंधराव्या आकड्यापुढचे सगळे आकडे शून्य होतात. याच तारखेच्या खोडीपायी 2020 मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली. एक्सेल ज्याला 1 सप्टेंबर समजायचं, त्या सेप्ट1 चं सेप्टिन1 झालं.

एसक्यूलाइटमध्ये रकाना ‘टेक्स्ट’ ठरवला की 12/2 तसाच राहतो. परवान्याचा एक रुपयाही लागत नाही. तेवढ्यावर पहिल्या महिन्यात मत असं झालं की शीट बंदच करावी. लाइट गेली तरी पक्की झालेली नोंद जात नाही. फक्त एसक्यूलाइटची फाइल उघडायला ‘डीबी ब्राउझर’ हा प्रोग्राम वापरत असाल तर दर दहा पावत्यांमागे ‘राइट चेंजेस’ दाबा, त्याशिवाय नोंद पक्की होत नाही.

मत बदललं ते आकडेमोडीमुळे. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का कमी, 12 च्या वर माल परत. 10 टक्के ओलाव्याला भाव 7,947.80. माल 1237 किलो, म्हणजे 12.37 क्विंटल, रक्कम 98,314.29. वजन पूर्ण किलोत साठवलेलं असेल आणि क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, त्याला 100 ने भागलं, तर एसक्यूलाइट 12 च देतं. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक टाकून देतं. रक्कम येते 95,373.60. शेतकऱ्याचे 2,940.69 रुपये गेले आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही. 100 ऐवजी 100.0 लिहा. शीटमध्ये हा घोळ होत नाही, आणि ‘भाव पन्नासने वाढला तर किती रक्कम लागेल’ हे तिथे एक सेल बदलून कळतं.

म्हणून आता पावत्या डेटाबेसमध्ये आणि भावाचे अंदाज शीटमध्ये. त्या दिवशीचा दर पावतीच्याच ओळीत लिहून ठेवा. दर वेगळ्या तक्त्यातून व्हीलुकअपने उचलला आणि तक्ता बदलला, की जुन्या पावत्यांची रक्कमही बदलते. डेटाबेसमध्ये दराचा तक्ता जोडून रक्कम काढली तरी हेच होतं, त्यात शीटचा दोष नाही.

गट नंबर मात्र शेवटी पुन्हा दगा देतो. डेटाबेसमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढली आणि डबल-क्लिकने एक्सेलमध्ये उघडली, की 12/2 परत 12-फेब. ती फाइल सेव्ह करून पुढे पाठवली तर हंगामभराची मेहनत वाया. एक्सेलमध्ये आधी कोरी शीट उघडा, ‘डेटा’ मध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट’ ने फाइल आणा आणि गट व खाते या दोन रकान्यांना ‘टेक्स्ट’ द्या. लिब्रेऑफिस फाइल उघडतानाच रकान्यांची चौकट समोर ठेवतं. तिथे ओके दाबायची घाई करू नका, आधी त्या दोन रकान्यांवर क्लिक करून ‘टेक्स्ट’ निवडा.