पौड रोडचं शनिवारचं पालक मदत केंद्र : शाळेने मुलाला 'घेऊन जा' म्हटलं तर आधी इथे जा

केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांनीच सांगितलंय की आधीच गर्दी झेपत नाही. पण कोथरूड-कर्वेनगर साइडला ज्यांचं मूल ऑटिझम, एडीएचडी किंवा डिस्लेक्सियावालं आहे त्यांनी आपल्या थेरपिस्टला विचारा, पत्ता मिळेल. दर शनिवारी 10 ते 1 अशाच मुलांच्या दोन आई आणि एक रिटायर्ड वकील काका बसतात. फी नाही, झेरॉक्स आपली आपण काढायची.

आमचं असं झालं की मुलगा तिसरीत, ऑटिझम आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. दिवाळीनंतर शाळेने बोलावलं आणि अगदी गोड बोलून सांगितलं की आमच्याकडे त्याला न्याय मिळत नाहीये, तुम्ही दुसरी शाळा बघा, आणि टाइप केलेला अर्जच पुढे सरकवला की वैयक्तिक कारणास्तव पाल्याचा दाखला स्वेच्छेने घेऊन जात आहोत, खाली फक्त सही करायची. विचार करून सांगते म्हटलं आणि कागद पर्समध्ये घालून घरी आले. दोन रात्री झोप नाही. हे म्हणाले करून टाक सही, रोजचा अपमान तरी वाचेल.

केंद्रातल्या ताईंनी तो कागद वाचला (त्यांचा स्वतःचा मुलगा यातूनच गेलाय, आता कॉलेजला आहे), 'स्वेच्छेने' या शब्दाभोवती पेनाने गोल केला आणि म्हणाल्या, "अगं ही सही केलीस ना, की शाळेने काढलं असं तुला कुठेच सांगता येणार नाही." मग समजलं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम 16 प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणून शाळा काढत नाहीत, आपल्यालाच काढून न्यायला लावतात. अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही, तुमची तशी असेल तर काकांना आधीच सांगा.

मला वाटायचं खासगी शाळा आहे, आपण काय बोलणार. काकांनी 2016 चा दिव्यांग हक्क कायदा उघडून कलम 16 वर बोट ठेवलं, त्यात सरकारी अनुदान असलेल्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या शाळा असं आहे, म्हणजे मान्यता असली तरी पुरे. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या. कलम 17 मध्ये परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं नावानिशी लिहिलंय. आणि सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 आणि त्यापुढे 15 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलंय. पाच वर्षं मी थेरपीची बिलं भरतेय आणि यातलं एक अक्षर मला कोणी सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

पण खरी मदत झाली ती पत्राची. काकांनी मराठीत एक पानी पत्र करून दिलं, रागाचा एक शब्द नाही, फक्त चार मागण्या आणि शेवटी "लेखी उत्तर द्यावे". दोन प्रती काढ, एक शाळेला दे आणि दुसरीवर पोच घे, तारीख आणि आवक क्रमांकासकट. ऑफिसमधल्या मॅडम म्हणाल्या शिक्का मारता येत नाही, वर विचारावं लागेल. ताईंनी आधीच पढवून ठेवलं होतं, म्हटलं ठीक आहे मग स्पीड पोस्टने पाठवते. चाळीस मिनिटं खिडकीशी उभी होते, पण निळा शिक्का घेऊनच बाहेर पडले. तोवर शाळेने आमच्याशी जे काही बोलणं केलं ते सगळं तोंडी होतं, लेखी उत्तर पहिल्यांदा त्या शिक्क्यानंतर आठ दिवसांनी आलं.

दाखल्याचा विषय बंद झाला, पहिल्या बाकावर जागा मिळाली, पेपरला जादा वेळ मिळाला. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतील असं लिहून दिलंय, येतात एकदाच. नाहीच ऐकलं तर पुढची पायरी राज्य दिव्यांग आयुक्त, ते ऑफिस पुण्यातच आहे, आणि कोर्टाची वेळ आली तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मुलांना आणि दिव्यांगांना वकील मोफत मिळतो. केंद्र स्वतः केस लढवत नाही आणि शाळेतल्या मीटिंगला सहसा सोबत येत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

एक गोष्ट मात्र खटकली. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. माझ्यासमोर एक आई व्हीलचेअरवरच्या मुलीला घेऊन खालीच थांबली होती, ताई लगेच खाली आल्या, दुकानाच्या पायरीवर बसून सगळं ऐकून घेतलं, पण तळमजल्यावर एखादी खोली कोणी देऊ शकत असेल तर प्लीज द्या. नंबरही लवकर संपतात, साडेनऊला पोचा. यूडीआयडी किंवा असेसमेंटचा रिपोर्ट, शाळेने दिलेला प्रत्येक कागद, आणि कोण कधी काय बोललं ते तारखेसकट लिहिलेली वही बरोबर न्या, काका आधी वहीच मागतात.

माझ्या वहीत विशेष शिक्षिका न आलेले सात दिवस लिहून झालेत, या शनिवारी दुसरं पत्र करायला जातेय.