नळाला लावायचा 'हार्ड वॉटर' फिल्टर: दिवाळी ते उन्हाळा वापरल्यानंतर

फिल्टरची नळाला आवळायची कॉलर तडकली. वॉरंटी वर्षाची, म्हणून फोन केला. तिकडून उत्तर: "मॅडम, तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना? हार्ड वॉटरनं झालेलं डॅमेज वॉरंटीत बसत नाही." खोक्यावर मोठ्या अक्षरात 'हार्ड वॉटरसाठी खास' छापलंय, शेजारी केस उडवणारी बाई. मग हा लावायचा तरी कुठल्या पाण्याला?

आधी आट्यांबद्दल बोलते. आपल्या नळाची तोटी पितळी, यांची कॉलर प्लॅस्टिकची. टेफ्लॉन टेप गुंडाळून हातानं आवळली तरी महिन्याभरात आट्यांत पांढरा क्षार धरतो. कार्ट्रिज बदलायची वेळ आली की ती हलत नाही, पाना लावला की कट्‌! १,८९९ रुपयांच्या वस्तूत एक पितळी रिंग घालायला यांचं काय जात होतं?

घेतला कशासाठी, तर सासूबाईंचे केस. पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या सुमारास मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता दिसायला लागला. आमच्या सोलापुरात उजनी धरणाचं पाणी चार-पाच दिवसांनी येणार, मधले दिवस बोअर. त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगनं निकाल दिला, "बोअरच्या पाण्यानं टक्कल पडतं." फिल्टर बसवला आणि फेब्रुवारीपर्यंत गळती खरंच थांबली. नवऱ्यानं लगेच पाच तारे देऊन टाकले.

ते तारे मी काढायला लावले. सासूबाईंना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्या बाईंनी गळलेला एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवला. टोकाला मोहरीहून बारीक पांढरा ठिपका. सासूबाई घाबरल्या, "मूळच उपटून आलं की!" मूळ नव्हे ते. विश्रांतीला गेलेल्या केसाचं ते टोक असतं, केस उगवतो ती पिशवी कातडीखाली शाबूत राहते. मोठ्या तापानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात, दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि पुढच्या तीन ते सहा महिन्यांत गळती बहुधा आपोआप थांबते. पावसाळा, दिवाळी, फेब्रुवारी. हिशोब बसतो, फिल्टर नसता तरी बसला असता. पाण्यानं केस राठ होऊन मधेच तुटला तर त्याला हा ठिपका नसतो. आणि रोज ५० ते १०० केस तर धडधाकट माणसाचेही जातात.

मग मला फिल्टरचाच संशय आला. टीडीएस मीटरनं (पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं) बघू नका. खरं सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवलं तरी टीडीएस फारसा हलत नाही, कारण पाणी जड करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम येतो. मी कपड्याचा साबण किसून तीन बाटल्यांत टाकला: बोअरचं पाणी, फिल्टरमधून काढलेलं बोअरचं आणि आरओचं. हलवल्यावर आरओला बोटभर फेस. उरलेल्या दोन्हींत सारखाच दह्यासारखा चोथा. फिल्टरच्या आत तांबं-जस्ताचे दाणे आणि कोळसा आहे, त्यानं हे क्षार निघत नाहीत. ते काढायला रेझिनचं सॉफ्टनर लागतं, जे अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावं लागतं. टॉवेलांसाठी नावाजलेल्या गावात राहून आमचे टॉवेल अजून पत्र्यासारखे वाळतात.

एक गोष्ट मात्र मान्य. महापालिकेचं पाणी येतं त्या दिवशी क्लोरीनचा वास फिल्टरमुळे जवळजवळ जातो. माझी लेक त्या वासानं डोकं धुवायला कुरकुरायची, ते बंद झालं. म्हणून एकाऐवजी दोन तारे. बादली भरायला दुप्पट वेळ लागतो, तो धरला तर दीड.

नवऱ्याच्या कोंड्याला याचा काडीचा उपयोग नाही. सासूबाईंचं म्हणणं, डोकं कोरडं पडलंय, तेल थापा. तेलानं पापुद्रे चिकटून बसतात, म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मॅलासेझिया नावाची बुरशी त्याच तेलकटपणावर पोसते. डॉक्टरांनी केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू दिला, आठवड्यातून दोनदा. केसांना नाही, कातडीला चोळायचा आणि पाच मिनिटं ठेवून धुवायचा. हा गडी लावला की लगेच धुवायचा आणि वर "गुण नाही" म्हणायचा. मी बाहेर उभं राहून घड्याळ बघायला लागले तसा फरक पडला. शेजारच्या काकूंचा चकोट करायचा सल्ला मी परस्पर उडवून लावला. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खुंट जाड लागतात, संख्या तेवढीच.

तेव्हा वासाचा त्रास असेल तर घ्या, केसांसाठी नको. घेतलाच तर कॉलर पितळी आहे का ते आधी विचारा. सध्या आमचा नळ मोकळा आहे. ६९० रुपयांचं एक न फोडलेलं कार्ट्रिज पडून आहे, निम्म्या किमतीत देईन. जुळे सोलापूरला येऊन न्यावं लागेल, कुरिअरचा खर्च मी करणार नाही.