चिपळूणला जुनी पुस्तकं बांधून घ्यायची असतील तर इथे द्या

बाजारपेठेतलं छोटंसं बाइंडिंगचं दुकान आहे, बोर्ड पटकन दिसत नाही पण काकांचं काम एक नंबर. मी नेटवरून स्कॅन उतरवून एक आर्मेनियन-इंग्रजी व्याकरण प्रिंट आणि बांधायला दिलं, मूळ पुस्तक १८१९ सालचं, व्हेनिसजवळच्या सान लाझारो बेटावर आर्मेनियन साधूंचा मठ आहे तिथल्या छापखान्यातलं. १८१६ साली लॉर्ड बायरन तिथल्या फादर अवगेरियान यांच्याकडे आर्मेनियन शिकायला जायचा आणि त्यांच्या व्याकरणाच्या कामात त्याचीही मदत झाली. हा सगळा इतिहास वाचून मला अक्षरशः वेड लागलंय. आपल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींचं दर्पण १८३२ चं ना, तर आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक १७९४ ला निघालं आणि तेही कुठे तर मद्रासला!!

ही लिपी बारीक, उभ्या दांड्यांची, टोनर जरा पसरला की दोन अक्षरं सारखीच दिसतात. काकांनी आधी दोन पानं काढून दिली, म्हणाले उजेडात नेऊन वाचून बघा, मगच पुढची काढतो. हे कुठला झेरॉक्सवाला करतो सांगा. शिवण जुजबंदीची, नुसतं गमने चिकटवलेलं नाही, त्यामुळे पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं आणि एका हाताने लिहिता येतं. खळीत मोरचूद घालतात, आपल्याकडच्या दमट हवेत कसर लागते म्हणून. फक्त आतली मार्जिन थोडी कमी पडलीय, ते आधीच सांगून ठेवा.

आता पुढचं बांधायचं काम स्मिर्नाच्या आर्मेनियन पुस्तकांचं, स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. सान लाझारोच्या मठातले साधू होमर वगैरे जुन्या आर्मेनियन ग्रंथभाषेत आणत होते, पण स्मिर्नाच्या देदेयान छापखान्याने ह्युगो, द्यूमाच्या कादंबऱ्या लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत छापल्या, आणि घराघरात वाचणारे तयार झाले ते अशा अनुवादांमुळे, असं मला मनापासून वाटतं. आर्मेनियन अक्षरं ३८ आहेत, शिकतोय हळूहळू.

रेट साध्या बाइंडिंगपेक्षा जास्त आहे पण वर्थ आहे. द्यायचं तर मे महिन्याच्या आधी द्या, जूनला शाळांचं काम येतं आणि पावसात खळ लवकर वाळत नाही.