‘इमर्जन्सी परमिशन’ काढून देतो म्हणणारा तुमच्याकडेही येईल

मुलुंड पूर्वेला आमची चार मजली सोसायटी, पस्तिशी ओलांडलेली. गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या स्लॅबचा मोठा पोपडा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण फोटो रात्रीच ग्रुपाग्रुपांवर फिरले. सकाळी पिवळं हेल्मेट घातलेला, काखेत फाइल मारलेला एक इसम दारात. म्हणे, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून आलोय.

सेक्रेटरीकाकांना त्याने सरळ सांगितलं, “काका, बिल्डिंग सी-वनमध्ये, म्हणजे अतिधोकादायक, पाडायच्या यादीत जाणार. पालिकेची कलम तीनशे चोपन्नची नोटीस निघाली की लाइट-पाणी कट. आजच इमर्जन्सी परमिशन काढा, बाकी मी बघतो.” घरात आजारी माणसं, मुलांच्या शाळा, कमिटीने घाबरून साठ हजार रोख मोजले. बदल्यात गोल शिक्क्याचं एक पत्र, चार-पाच लोखंडी टेकू आणि दोन गवंडी आले. टेकू तर थेट जिन्याच्या लादीवर उभे केले, खाली साधी फळीसुद्धा नाही. एक हाताने हलत होता! गंजलेल्या सळयांवर तसंच सिमेंट थापलं आणि मंडळी पसार. पुढच्या सरीत ते प्लास्टर ताटाएवढ्या तुकड्यांनी गळून पडलं, आतल्या सळया होत्या तशाच लालभडक.

पत्र घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेलो. जावक नंबर त्यांच्या रजिस्टरला नव्हताच. आणि खरी चीड पुढे आली. महापालिका कायद्याच्या कलम 342 प्रमाणे प्लास्टर, रंग, लादी बदलणं, पाइप-नळ दुरुस्ती, इतकंच काय, बीम-कॉलमवर गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचा फवारा) करायलाही परवानगी लागत नाही. म्हणजे ज्या कामाला परवानगीच नको, तिची फी त्याने उकळली. बीम किंवा कॉलम काढणं, वाढीव बांधकाम ही वेगळी गोष्ट.

सी-वनची धमकीही पोकळच. ती वर्गवारी फाइलवाला जिन्यात उभा राहून करत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, आणि दोन ऑडिट रिपोर्ट जुळले नाहीत तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. कलम 354 ची नोटीसही दरवेळी इमारत पाडायचीच असते असं नाही, दुरुस्तीचीही असते. तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट मात्र कलम 353-ब खाली करावंच लागतं, आणि तेही नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. गिरगाव-लालबागकडच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी जादा कर भरणाऱ्या) चाळींचं खातं निराळं, तिथे म्हाडाचं दुरुस्ती मंडळ.

पालिकेची फी नागरी सुविधा केंद्रात भरून पावती मिळते. जिन्यात रोख मागणारा पालिकेचा नसतो. काही पडलं तर आधी पालिकेच्या 1916 या आपत्कालीन नंबरवर कळवा.

आमच्या नव्या इंजिनिअरबाईंनी हातोडीने ठोकत सगळा जिना तपासला. जिथे पोकळ आवाज आला तिथलं काँक्रीट फोडलं, वायर ब्रशने गंज खरवडला, गंजरोधक कोट दिला आणि मगच पॉलिमर मॉर्टर भरलं. असल्या कामाला वेळ लागतो. दुपारपर्यंत उरकून देतो म्हणणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवा.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या 318 (फसवणूक) आणि 204 (सरकारी नोकर असल्याची बतावणी) या कलमांखाली. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्याचा फोन बंद आहे, पण हेल्मेट-फाइलवाला असाच एक माणूस भांडुपलाही दिसल्याचं आमच्या वॉचमनने ऐकलंय.