मोठ्या टाईपचं मराठी बायबल, आठ महिने वापरून झाल्यावर

सुरुवात चष्म्यापासून करते कारण तिथूनच हे सगळं झालं. दादरला डोळे तपासायला गेले होते, तर तिथला मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, हसत हसत म्हणाला, "मॅडम, चाळिशी लागली." मी म्हटलं अजून एकोणचाळीसच आहे. त्याला काय कळणार मी का चिडले. घरी आले तर आई म्हणते, नंबर लागला हे बायोडेटात लिहू नकोस हं. म्हणजे आता चष्मापण स्थळाच्या आड येणार! चष्मा केला, ऑफिसात लावतेपण, पण रात्री बायबल वाचताना नाही लावणार असा उगाच हट्ट धरला आणि त्या हट्टापायी मोठ्या टाईपचं बायबल घ्यायला फोर्टात गेले. कोणी विचारलं तर सांगते की आईसाठी घेतलंय.

दुकान जुनं, ख्रिस्ती पुस्तकांचं, काउंटरवर एक काका. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "सलाम बेटा, कुठल्या मंडळीची तू?" म्हणजे कुठल्या चर्चची. मला वाटलं आता इथेपण स्थळ काढतात की काय. पण प्रश्न कामाचा होता, कारण आपल्या प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि कॅथलिकांच्या बायबलात ७३, आणि लोक गिफ्ट द्यायला म्हणून घेऊन जातात आणि मग बदलायला येतात. वसईच्या कॅथलिक मैत्रिणीला द्यायचं असेल तर हे आधी बघा. दुसरं म्हणजे भाषांतर कुठलं ते बघा. सोप्या मराठीतलं मिळतं, नवीन वाचणाऱ्याला ते बरं पडतं. मी आपलं जुन्या भाषेचं घेतलं, रविवारी उपासनेत जे कानावर पडतं तेच, कारण मनात वाचलं तरी मला ते आजीच्या आवाजात ऐकू येतं, सोपं घेतलं असतं तर आजी गेली असती.

काका गप्पिष्ट निघाले. सांगत होते, पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून, आणि १९२२ ला त्या गेल्या, पूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. रमाबाईंचं नाव शाळेपासून ऐकलंय पण ही दोन वर्षं मला माहीत नव्हती. इतकी वर्षं काम करायचं आणि पूर्ण बांधलेलं पुस्तक हातात घ्यायला आपण नाही. काका बिल फाडत होते आणि मी तिथेच उभी. मग त्यांनी विचारलं पिशवी हवी का.

आता वस्तूबद्दल. अक्षर खरंच मोठं आहे, माझ्या जुन्याच्या दीडपट तरी, आणि शाई काळीभोर. जोडाक्षरं सुटी दिसतात, जुन्यात "यिर्मया" वाचताना डोळे बारीक करावे लागायचे तसं होत नाही. कागद मात्र तोच कांद्याच्या सालीसारखा, मागच्या पानाचं इकडे दिसतं, आणि पान उलटलं की जो कुरकुर आवाज येतो तो शांत प्रार्थनेच्या वेळी आख्ख्या मंडळीला ऐकू जातो. पेनाने अधोरेखित करू नका, पलीकडे उतरतं, पेन्सिलच वापरा. बाइंडिंग चांगलं, टेबलावर उघडं ठेवलं तर स्वतःहून मिटत नाही. खुणेची फीत एकच आहे, दोन पाहिजे होत्या, एक जुन्या कराराला एक नव्याला. वजन किचनच्या काट्यावर केलं, एक किलो सातशे ग्रॅम! मुलुंड ते परळ लेडीज डब्यात उभ्याने हे वाचणं अशक्य, चौथ्या सीटवर अर्धी टेकून बसलात तरी शेजारणीच्या मांडीवर पहिलं पुस्तक उत्पत्ती आणि तुमच्या मांडीवर शेवटचं प्रकटीकरण अशी गत होते. ट्रेनसाठी मोबाईलवरचं अ‍ॅपच ठीक. हे घरी, पलंगाजवळ.

खरा फरक मला तिसऱ्या महिन्यात कळला. मोठ्या अक्षरामुळे मी हळू वाचायला लागले, आधी ओळखीचा भाग आला की डोळे सुसाट धावायचे. तर लूकचा दुसरा अध्याय, नाताळच्या आधी दरवर्षी वाचतो तोच, त्यात हन्ना भेटली. संदेष्ट्री हन्ना. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याबरोबर राहिली, मग विधवा, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची होईपर्यंत मंदिर सोडलं नाही, रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. फक्त तीन वचनं तिच्या वाट्याला. आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली ती दुसरी, मूल होत नाही म्हणून रडणारी, नुसते ओठ हलतात म्हणून एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय, तीपण हन्नाच! इंग्रजीत एकीचं हॅना आणि एकीचं अ‍ॅना करून ठेवलंय, मी शाळा इंग्रजी मीडियमची त्यामुळे डोक्यात दोघी वेगळ्या कप्प्यात होत्या. मराठीत एकच नाव. एकीने मागितलं ते मिळालं, शमुवेल झाला. दुसरीने काय मागितलं ते लिहिलेलंच नाही.

आणि आमच्याकडे प्रवचन नेहमी शमुवेलाच्या आईवर, त्या हन्नावर. भगिनी मंडळात मूल नसलेलीला हन्ना देतात आणि लग्न न झालेलीला रूथ, ती विधवा सून जिचं पुढे बवाजशी लग्न होतं. गेली पंधरा वर्षं मला रूथ मिळतेय. "बघ गं, तुझा बवाज येईल." मावश्या प्रेमाने म्हणतात, मला माहितीये, एक मावशी तर दर गुरुवारी माझ्यासाठी उपास करते, तिला मी काय उलटं बोलणार. पण रूथ काय खिडकीत बसली होती का बवाजची वाट बघत? जवाच्या कापणीपासून गव्हाची कापणी संपेपर्यंत ती बाई उन्हात सरवा, म्हणजे शेतात गळून राहिलेली कणसं, वेचत होती, सासूला खायला घालायचं म्हणून. सासू नामी तिला "स्वस्थ बस" म्हणते ते तर शेवटी, एका दिवसापुरतं. बायकांना सांगताना नेमकं ते स्वस्थ बसणंच लक्षात ठेवतात.

माझी वाट बघणं काही फार नाट्यमय नाहीये, सांगते. एक पुण्याचं स्थळ होतं, अकरा महिने "थोडं थांबा, घरी बोलतोय" चाललं आणि मग एका रविवारी उपासना सुटल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर नकार, खाली हात जोडलेला इमोजी. नंतर ऑफिसातला एक जण. विश्वासातला, म्हणजे ख्रिस्ती, नाही, पण माणूस म्हणून पाळकसाहेबांनीसुद्धा (आमचे पास्टर) नाव ठेवलं नसतं असा. त्याने सरळ विचारलं, मी चार दिवस घेतले आणि नाही म्हटलं, कारण रविवारी एकटीने मंडळीत जायचं आणि घरी येऊन त्याबद्दल गप्प राहायचं हे मला आयुष्यभर जमलं नसतं, त्याच्यावरही तो अन्याय झाला असता. बरोबर केलं असं दिवसा वाटतं. रात्री साडेअकराला कधी कधी वाटत नाही. आता त्याला मुलगी झाली, पेढे माझ्या डेस्कवर आधी आणले.

जुनं बायबल माझं दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या वेळचं, त्यात एक सवय होती. लग्नासाठी प्रार्थना केली की समासात पेन्सिलने तारीख. सत्ताविसाव्या स्तोत्राच्या शेवटी, जिथे परमेश्वराची प्रतीक्षा कर असं एकाच ओळीत दोनदा येतं ना, तिथे समास तारखांनी भरलेला. १४/२/११ आहे, लाजच वाटते. पुण्याच्या स्थळाच्या वेळी तर आठवड्याला एक. नवीन आणलं तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तारखा उतरवायला बसले होते, पेन्सिलला टोक वगैरे करून. नवीन बायबलात अक्षर मोठं म्हणजे समास बारीक, चार तारखांच्या पुढे जागाच नाही! (हा प्रॉडक्टचा दोष म्हणून धरा, ज्यांना समासात लिहायची सवय आहे त्यांनी घेऊ नका.) मग कुठल्या चार घ्यायच्या ते बघत बसले आणि लक्षात आलं की अर्ध्याअधिक तारखांना काय झालं होतं ते मला आठवतच नाहीये. इतकं रडून मागितलेलं, आणि चेहरासुद्धा आठवत नाही. एकही उतरवली नाही.

अजून एक. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातलं ते गरुडासारखं वर उडण्याचं वचन, सगळ्यांच्या भिंतीवर कॅलेंडरवर असतं ते. इंग्रजी पोस्टरवर मी कायम "वेट" वाचलेलं. आपल्या मराठीत तिथे परमेश्वराची वाट पाहणारे नाही, आशा धरून राहणारे आहेत. पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले मूळ हिब्रू शब्दात दोन्ही येतं. असेल. पण मला धरून राहणं जास्त कळतं, रोज सकाळी ८:१२ च्या गाडीत वरचा दांडा धरून उभी असते, हात भरून येतो, घाटकोपरला वाटतं सोडावा, पण सोडला तर पडणार हे माहीत असतं. वाट बघायला नुसतं बसता येतं, धरायला अंगात जोर लागतो आणि तो माझ्याकडे रोज नसतो, हेपण लिहून टाकते. मागच्या महिन्यात दोन आठवडे बायबल उघडलंच नाही. फीत रूथमध्येच अडकलेली होती, तिथून पुढे सुरू केलं.

बाकी तक्रारी: नकाशे आहेत पण ब्लॅक अँड व्हाइट आणि पुसट, पौलाच्या प्रवासाच्या तिन्ही रेषा सारख्याच दिसतात. तळटिपांचं अक्षर मोठं केलेलंच नाही, तिथे चाळिशी लागतेच, तेवढी हार मानली. पावसाळ्यात कडा फुगल्या, मुंबईत कुठलंही पुस्तक फुगतं, पण हा पातळ कागद लवकर लाटा मारतो, कपाटात ठेवताना बाजूला खडूचे तुकडे ठेवा, ओल ओढून घेतात.

सोबत कव्हर येत नाही. दुकानातलं रेक्झिनचं घेऊ नका, या साइझला तंग बसतं आणि कोपरे दुमडतात. मी भायखळ्याला बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून जाड कॅनव्हासचं शिवून घेतलं, २२० रुपये, बाहेरून एक कप्पा मागून घेतला चष्म्यासाठी. तो म्हणाला नाव शिवू का वर. मी म्हटलं शिव. आडनाव पण घालू का म्हणाला, नंतर बदललं तर उसवावं लागेल. मी म्हटलं घाल, दोरा पक्का वापर.