आयकेरस की व्हेरिलेटर? एफपीजीएसाठी सिम्युलेटर निवडताना
फुकट साधनांवर एफपीजीए (आतलं सर्किट आपण हवं तसं घडवू शकतो अशी चिप) करायचं ठरलं की कोडचं सर्किट करणारा योसिस आणि ते चिपवर मांडणारा नेक्स्टपीएनआर ठरल्यासारखेच असतात. डोकं खातो तो त्याआधीचा प्रश्न: सिम्युलेशन, म्हणजे चिपवर टाकण्याआधी डिझाइन संगणकावर चालवून बघणं, कशात करायचं? आयकेरस आणि व्हेरिलेटर, मी दोन्हींत बरेच दिवस घालवलेत.

वेगाचं आधी उरकतो. व्हेरिलेटर तुमच्या व्हेरिलॉगचं (सर्किट ज्या भाषेत लिहितात ती) सी++ करतो आणि ते कंपाइल होऊन सुसाट पळतं. एक छोटा रिस्क-फाइव्ह कोर (प्रोसेसरचं डिझाइन) मी दोन्हींत चालवला. आयकेरसचं संपेपर्यंत मी उठून फेरी मारून आलो. व्हेरिलेटरने उठूच दिलं नाही. टेस्टबेंचमधले (डिझाइनची चाचणी घेणाऱ्या कोडमधले) डिले तो पाळत नाही, ही जुनी कुरकुरही त्याच्या ५व्या आवृत्तीपासून बरीच मिटलीय.

माझं घोडं अडलं ते 'एक्स'पाशी, म्हणजे 'किंमत माहीत नाही' या अवस्थेपाशी. व्हेरिलेटर मुख्यतः दोनच अवस्था मानतो, शून्य आणि एक. यूआर्टच्या (एकेक बिट करून बाइट पाठवणाऱ्या सिरियल पोर्टच्या) ट्रान्समीटरमधला बिट मोजणारा काउंटर मी रीसेटमध्ये घालायलाच विसरलो होतो. व्हेरिलेटरने तो शून्य धरला, सगळ्या टेस्ट पास. बोर्डवरही सुरळीत, कारण आइस४०चे (माझ्या बोर्डवरच्या एफपीजीएचे) फ्लिपफ्लॉप, म्हणजे एकेक बिट साठवणारे घटक, कॉन्फिगर झाल्यावर शून्यावरच असतात. पण बाइट जात असताना रीसेटचं बटण दाबलं, की पुढचा पहिला बाइट कचरा आणि त्यानंतरचे ठणठणीत! दोन संध्याकाळी मी केबलवर आणि बॉड रेटवर (बिट पाठवण्याच्या वेगावर) संशय घेत बसलो. शेवटी तोच कोड आयकेरसमध्ये टाकला, सिग्नलचे आलेख दाखवणारं जीटीकेवेव्ह उघडलं, तर काउंटरची रेघ पहिल्या क्लॉकपासून लालभडक, म्हणजे एक्स.

व्हेरिलेटरलाही सुरुवातीच्या किमती रँडम करायला सांगता येतं, हे खरं. पण ते आठवणीने सांगावं लागतं, आणि जो रीसेट विसरतो तो हेही विसरतो. आयकेरसही अगदी धुतल्या तांदळासारखा नाही म्हणा; 'इफ'ची अट एक्स निघाली तर तो गुपचूप 'एल्स'मध्ये शिरतो आणि चूक तिथे दडू शकते.

अख्खा प्रोसेसर किंवा रात्रभर चालणाऱ्या टेस्ट असतील तर व्हेरिलेटरच घ्या, माझं ऐकू नका. एकेक मॉड्यूल घडवत जायचं असेल तर मात्र मी आधी आयकेरस उघडेन. व्हेरिलेटर माझ्या मेकफाइलमध्ये अजून आहे, पण फक्त लिंटपुरता, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका शोधण्यापुरता. आठ बिटांच्या रजिस्टरात नऊ बिट कोंबले की तो लगेच ओरडतो. आयकेरस त्यावर चकार शब्द काढत नाही.